शनिवारी पालकसभा : समितीवर कोणाला पाठवायचं?

सर्व पालकांना नमस्कार. शनिवारी सकाळी १० वाजता आपल्या जिल्हा परिषद शाळेत पालकसभा आहे. शाळा व्यवस्थापन समिती नव्याने निवडायची आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे समितीत किमान ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असायलाच हव्यात. तेव्हा आयांनी नुसतं सभेला येऊन बसू नये, नाव द्यावं.

वरच्या आळीतल्या ताई उभ्या राहत आहेत. मुलगी चौथीत, बचत गटाचा हिशेब त्याच लिहितात. त्यांचं म्हणणं असं की, तिसरीतलं पोर अजून अक्षर जुळवत वाचत असेल तर आधी रोज वाचनाचा तास, स्नेहसंमेलन नंतर. मुलींच्या स्वच्छतागृहात नळ आहे, पण पाणी नाही. शाळा विकास आराखड्यात ते काम पहिलं घ्या. मला हे मनापासून पटतं. बाकीच्या इच्छुकांनाही विचारा : आलेलं अनुदान कशावर खर्च झालं, ते दर सभेत वाचून दाखवाल का?

शाळेत तिसरी भाषा शिकवायची की नाही, हा निर्णय मंत्रालयात होतो, त्या वादात सभेचा वेळ घालवू नका. कामावर जाणाऱ्यांनी घरातलं एक तरी माणूस नक्की पाठवावं.