पहिल्या आठ सेकंदांत दणका नको

महोदय,

महाविद्यालयीन लघुपट स्पर्धांचे दिवस आले की विद्यार्थ्यांच्या भयपटांचे ट्रेलर मोबाइलवर फिरू लागतात. मी ध्वनिसंकलन शिकवते, त्यामुळे ते आवर्जून बघते. बहुतेकांची सुरुवात ठरलेली: स्पर्धेचं बोधचिन्ह, महाविद्यालयाचं नाव आणि मग कानठळ्या बसवणारा दणका. त्यानं माणूस दचकतो, घाबरत नाही. भीती वाटायला आधी काहीतरी ओळखीचं लागतं.

सध्या माझे विद्यार्थी त्यांच्या ट्रेलरच्या पहिल्या 8 सेकंदांची आखणी करताहेत. सेकंदाला 24 चौकटी (फ्रेम), म्हणजे एकूण 192. आधी काळा पडदा आणि फक्त रहाटाची कुरकुर. मग विहिरीचा काठ दिसतो, ओला दोर वर येतोय. सहाव्या सेकंदाला कुरकुर थांबते, दोर मात्र वर येतच राहतो. संगीत नाहीच. आवाज नेमका कोणत्या चौकटीवर तोडायचा, यावरून परवा वर्गात चांगलीच जुंपली. अशी भांडणं मला फार मोलाची वाटतात.

शिवाय भयपटांत हमखास वापरला जाणारा घुमणारा खर्ज मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून जवळपास ऐकूच येत नाही. संकलनाच्या खोलीत अंगावर काटा आणणारी जागा फोनवर कोरडी जाते. रहाटाची कुरकुर तिथेही पोचते. म्हणून मुलांनी ध्वनिमिश्रण फोनवर ऐकून मगच पक्कं करावं. आयोजकांनीही बोधचिन्ह सुरुवातीला लावण्याची सक्ती सोडून ते शेवटी घ्यावं, ही कळकळीची विनंती.

– एक शिक्षिका, कोल्हापूर