लस पावसाळ्याआधी द्यावी : आरोग्यमंत्र्यांना इंदूरहून खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ.

महोदय,

स. न. वि. वि.

स्वच्छतेत देशात वर्षानुवर्षे पहिल्या येणाऱ्या शहराची मी रहिवासी आहे आणि त्याचा मला अभिमानही आहे. मात्र इन्फ्लूएन्झाचा विषाणू कचऱ्यातून नव्हे, तर शेजारच्या माणसाच्या खोकल्यातून येतो, त्यामुळे तो झाडूला दाद देत नाही. (या पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवली आहे.)

या तापाचे आपल्या देशात दोन हंगाम असतात : जानेवारी ते मार्च, आणि पावसाळा. हा दुसरा हंगाम सरत नाही तोच आमच्याकडे गणेशोत्सव येतो, आणि अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या (सजवलेले चित्ररथ) पाहायला अवघे शहर रात्रभर रस्त्यावर दाटीने उभे असते. लस टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात आणि काही महिन्यांत ते ओसरू लागते. मग दिवाळीच्या सुमारास घेतलेली लस पुढच्या श्रावणात कितपत उपयोगी पडणार?

गेल्या वर्षीची लस यंदा चालत नाही, कारण विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिने सतत थोडीथोडी बदलत राहतात. कधी डुकरांतील व पक्ष्यांतील विषाणूंची जनुके एकत्र येऊन अगदी नवाच प्रकार जन्मतो. २००९ची स्वाइन फ्लूची साथ अशीच आली आणि देशातला पहिला बळी त्या ऑगस्टमध्ये पुण्यात गेला.

ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही, म्हणून राज्याने गर्भवती, ६५ वर्षांवरील नागरिक, मधुमेह किंवा दम्याचे रुग्ण, आशा कार्यकर्त्या आणि परिचारिका यांना ती मे-जूनमध्ये मोफत द्यावी. यांतही गर्भवतींना मी पहिले स्थान देईन, कारण सहा महिन्यांखालील बाळाला ही लस देता येत नाही आणि त्याला मिळणारे संरक्षण आईच्याच लसीतून येते.

औषधाबाबत एक स्वानुभव सांगते. माझ्या मधुमेही मावशीला एका रुग्णालयात तपासणीचा अहवाल येईपर्यंत नुसते पॅरासिटामॉल देत राहिले. अहवाल आला तो चौथ्या दिवशी. ऑसेल्टामिव्हिर या फ्लूच्या विषाणूविरोधी औषधाचा सर्वाधिक उपयोग लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांत होतो. जोखमीच्या रुग्णांना अहवालाची वाट न पाहता ते सुरू करावे, असे लेखी निर्देश प्रत्येक शासकीय रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात लावलेले असावेत.

मे-जूनमध्ये देण्यासाठी दक्षिण गोलार्धासाठीची लस घ्यावी लागेल आणि तिचे घटक जागतिक आरोग्य संघटना आधीच्या सप्टेंबरमध्ये जाहीर करते. निविदांना लागणारा वेळ आपण जाणताच. तेव्हा मागणी जानेवारीतच नोंदवली जावी, ही विनंती.

कळावे,
आपली नम्र,
रामबागेतील एक इंदूरकर