शिबिराचे पैसे मुलांच्या हातात दे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या शिबिराचं वेळापत्रक मिळालं. अपंग मुलामुलींसाठी नेतृत्वाचं शिबिर घ्यायचं तू मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. पण सगळी व्याख्यानंच! मुलांनी नुसतं ऐकत बसायचं, तर ठरवायचं कधी? म्हणून हे सविस्तर लिहितोय.

अमेरिकेतल्या एड रॉबर्ट्सबद्दल तुला सांगायलाच हवं. चौदाव्या वर्षी पोलिओ झाला आणि मानेखालचं शरीर जवळजवळ लुळं पडलं. झोपताना श्वासासाठी ८०० पौंड वजनाचं लोखंडी यंत्र लागे. १९६२ साली बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यानं प्रवेश घेतला. यंत्राचा भार वसतिगृहाला पेलणारा नव्हता, म्हणून विद्यापीठाच्या कॉवेल इस्पितळात त्याची राहायची सोय झाली. हळूहळू तिथे त्याच्यासारखे आणखी विद्यार्थी आले. मदतनीस कोण ठेवायचा, त्याला काम कसं शिकवायचं, जमत नसेल तर कधी काढायचा, हे तेच ठरवू लागले. उठायचं किती वाजता, हेसुद्धा! मला यातली ही गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते. आपल्याकडे असं सांगणाऱ्या मुलाला हट्टी म्हणतात.

'रोलिंग क्वाड्स' (चाकांवरचे, हातपाय लुळे पडलेले) या नावानं ते एकत्र आले आणि १९७२ साली त्यांच्याच धडपडीतून सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग, म्हणजे अपंगांनीच चालवलेलं स्वतंत्र जगण्याचं केंद्र, उभं राहिलं. कॅलिफोर्निया राज्याच्या ज्या पुनर्वसन खात्यानं एडला 'हा कधी नोकरी करू शकणार नाही' म्हणून बाजूला सारलं होतं, त्याच खात्याचा तो १९७५ साली संचालक झाला.

आपल्या कोल्हापूरच्या नसीमादीदी हुरजूकही सोळाव्या वर्षी चाकाच्या खुर्चीत आल्या. त्यांना उभारी दिली बाबूकाका दिवाणांनी, तेही खुर्चीतूनच वावरणारे. पुढे १९८४ साली दीदींनी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही अपंगांसाठीची संस्था सुरू केली.

२०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यानं सरकारी नोकरीत चार टक्के आरक्षण दिलं, ते हवंच. पण विशीतल्या मुलीनं आज कुठला ड्रेस घालायचा, हे आईच ठरवत असेल, तर तिनं निवड करायला शिकायचं कुठे?

म्हणून माझं ऐक. जेवणाचे पैसे पहिल्याच दिवशी मुलांच्या समितीकडे दे. बाजार, हिशेब, खोल्यांची वाटणी सगळं त्यांच्याकडे. सांकेतिक भाषेच्या दुभाष्याशी कर्णबधिर मुलंच बोलणी करू देत. मतिमंद मुलांना मेन्यू चित्रांतून दाखव, म्हणजे त्यांचंही मत मोजता येईल. भाजी खारट होईल, पैसे संपतील, भांडणं होतील, तू मध्ये पडू नकोस. आणि पालकांना मुक्कामाला ठेवू नकोस. ते चिडतील, त्यांच्याशी बोलायला मी येईन.

कधी निघू ते कळव.

तुझाच,
जुना मित्र