भाव कळतो, पण कोणता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइल आल्यापासून शेतकरी शहाणा झाला, असं प्रत्येक भाषणात ऐकतो. मी निफाड तालुक्यात कांदा करतो, म्हणून लिहितोय.

वडिलांच्या काळी भाव कळायचा तो गाडी बाजार समितीच्या आवारात लागल्यावर. पडला असला तरी परतीचं भाडं परवडायचं नाही; देऊनच यायचं. आता लासलगावचा सकाळचा लिलाव आटोपायच्या आत आकडे ग्रुपवर येतात. नाही पटला तर ट्रॉली भरायचीच नाही. हा फायदा मोठा आहे.

पण आकडे तीन असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण, म्हणजे बहुतेक मालाला मिळालेला. आमचा डोळा कमालवर. तो बऱ्याचदा एखाद्याच ट्रॅक्टरला मिळालेला असतो, तोही निवडून आणलेल्या एकसारख्या मालाला. आमच्या ट्रॉलीत बारक्या गोल्टीपासून जोडकांद्यापर्यंत सगळं. तरी मेसेज फिरला की दुसऱ्या दिवशी पहाटेपासून रांगा. आवक वाढते, भाव उतरतो, अन् संध्याकाळी व्यापाऱ्याच्या नावानं शिव्या (त्यातल्या काही रास्तही असतात).

मीही त्यातलाच. एका वर्षी 'दिवाळीत पाच हजार' सांगणारे व्हिडिओ बघून उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीतच ठेवला. चार वेगवेगळी माणसं तेच सांगत होती, म्हणून खरं वाटलं. चौघं एकमेकांचंच ऐकून बोलत होते, हे फार उशिरा लक्षात आलं. आई दोनदा म्हणाली, "वास येतोय रे, चाळ उघड." मी तिला मोबाइल दाखवला. उघडली तेव्हा खालच्या थराला पाणी सुटलेलं, वरच्याला मोड.

आणि कधी कधी कळूनही उपयोग नसतो. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली, ती बातमी मला आणि व्यापाऱ्याला बरोबरच कळली. पण लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा टिकत नाही, काढलेला विकावाच लागतो. 4 मे 2024 ला बंदी उठली, तोवर आमचा लाल केव्हाच मातीमोल गेला होता.

एक विनंती आहे. आपल्या बाजारभावाच्या चौकटीत कमाल भाव ठळक असतो. तिथं सर्वसाधारण भाव ठळक छापा, आणि शेजारी त्या दिवशी किती वाहनं आली तेही द्या. कमाल भाव ज्याला हवा, तो बारीक अक्षरातही शोधेल.

आपला,
एक कांदा उत्पादक, ता. निफाड