'राहण्याचा देश' हा रकाना आधी वाचा

संपादक महोदय,

विमान कंपनीच्या माइल्स योजनेत, म्हणजे प्रवासावर गुण साठवून मोफत तिकीट मिळवण्याच्या योजनेत, नाव नोंदवताना सगळे लक्ष नावाच्या स्पेलिंगकडे असते. खरी मेख असते ती 'राहण्याचा देश' या रकान्यात. पासपोर्ट कुठला याच्याशी त्याचा संबंध नाही. पत्ता कुठला, एवढेच पाहिले जाते. आर्थिक निर्बंध असलेल्या काही देशांच्या रहिवाशांना दार बंदच. बाकीच्यांना आत घेतात, पण पंगत वेगळी.

जपानच्या एएनए (ऑल निप्पॉन एअरवेज) आणि जेएएल (जपान एअरलाइन्स) या विमान कंपन्यांचेच पाहा. कुटुंबाचे माइल्स एकत्र वापरण्याची सोय दोघींकडे आहे. मात्र जपानबाहेरच्या रहिवाशांसाठी एक योजना आणि जपानातल्यांसाठी दुसरी, तीही कंपनीचे क्रेडिट कार्ड असेल तरच. बदली होऊन जपानात गेलात की आधीची मोट सुटते. अमेरिकेत उलटा प्रकार होता. डेल्टा आणि युनायटेड या विमान कंपन्यांनी २०१४ पासून सदस्यत्वाचा वरचा दर्जा मिळवायला किमान खर्चाची अट घातली, ती फक्त अमेरिकेतला पत्ता असलेल्यांना. पुढे बाहेरच्यांची ही सवलतही गेली.

यामागे बँकांशी देशापुरते केलेले कार्डांचे करार असतात, माहिती-संरक्षणाचे वेगवेगळे कायदे असतात. घरचे गिऱ्हाईक कुठे जाणार, हा हिशेबही असतोच.

तोडगा म्हणून परदेशातल्या नातेवाइकाचा पत्ता टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो अंगाशी येतो. नोंदणी करताना कोणी काही विचारत नाही. विचारतात ते माइल्स साठल्यावर, मोफत तिकीट काढताना किंवा घरच्यांची नावे जोडताना. पत्ता एका देशाचा, मोबाइल दुसऱ्या, कार्डाचे बिल तिसऱ्या, असे दिसले की पुरावा मागतात. तो नसेल तर खाते गोठवून माइल्स रद्द करण्याचा अधिकार कंपनीने अटींमध्ये आधीच राखून ठेवलेला असतो.

सरळ मार्ग भागीदार कंपनीचा. स्टार अलायन्स, वनवर्ल्ड किंवा स्कायटीम या विमान कंपन्यांच्या गटांपैकी एकातल्या एका कंपनीने उडून माइल्स दुसरीच्या खात्यात घेता येतात. त्याआधी ई-तिकिटावरचे बुकिंग क्लासचे, म्हणजे तिकिटाचा भाडे-प्रकार सांगणारे, अक्षर पाहा आणि ज्या योजनेत माइल्स हवेत तिच्या तक्त्याशी ताडून घ्या. शेजारशेजारच्या दोन खुर्च्या, जेवण तेच; पण एका अक्षराला पूर्ण माइल्स आणि दुसऱ्याला शून्य, असे होते. स्वस्त तिकिटांवर तर हमखास.

चुकीचा सदस्य क्रमांक जोडला गेला असेल तर चेक-इनलाच बदलून घ्या. तो बोर्डिंग पासवर छापलेला असतो, तिथेच तपासा. एकदा एका खात्यात जमा झालेले माइल्स सहसा दुसरीकडे हलत नाहीत. जमाच झाले नाहीत तर दाव्याला मुदत असते. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये ती सहा महिने आहे. दाव्याला सहा अक्षरी बुकिंग क्रमांक पुरत नाही, तेरा आकडी तिकीट क्रमांक लागतो. म्हणून माइल्स दिसेपर्यंत बोर्डिंग पास फेकू नये.

देश बदलणार असाल तर पत्ता बदलण्याआधी कुटुंबाच्या खात्याचे काय होणार ते लेखी विचारून घ्या. जुन्या देशातले कार्ड बंद करण्याआधी त्यावरचे पॉइंट्स माइल्समध्ये वळवा.

कंपन्यांकडे मागणी एकच: देश निवडताच त्या देशाच्या रहिवाशाला काय मिळणार नाही, ते त्याच पानावर दाखवा. आज ते अटी-शर्तींच्या पोटात शोधावे लागते.

— एक वाचक