लघवीतला आकडा नशा मोजत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएल या लीगमधल्या गांजाच्या चाचणीची बातमी आपल्या अंकात ‘खेळाडूंना गांजाची मोकळीक’ या मथळ्याखाली वाचली. मी एकतीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये लघवीचे नमुने तपासले. तो मथळा वाचून राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

डिसेंबर 2024 मध्ये एनएफएलने टीएचसीची (गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाची) लघवीतली मर्यादा मिलीलिटरला 150 वरून 350 नॅनोग्रॅमवर नेली, हे खरं. पण चाचणी बंद झालेली नाही, दंडही आहे. 2014 पर्यंत ही मर्यादा फक्त 15 होती, आणि त्या 15 ने काय केलं ते सांगायला हवं.

क्लीव्हलँड ब्राउन्स संघाचा खेळाडू जॉश गॉर्डन. 2013 मध्ये झेल घेऊन सगळ्यात जास्त, 1646 यार्ड त्याने कमावले. पुढच्या वर्षी त्याचा नमुना दोषी ठरला. एकाच लघवीच्या दोन बाटल्या भरतात. पहिल्या बाटलीत आकडा आला 16, दुसरीत 13.6. नियमाप्रमाणे मर्यादा पहिल्या बाटलीला लागू. दुसरीत नुसता अंश सापडला तरी पुरे. बाटल्या उलट क्रमाने उघडल्या असत्या तर मुलगा सुटला असता! त्याला वर्षभराची बंदी झाली. मर्यादा 35 झाल्यावर ती दहा सामन्यांवर आली. एवढ्याशा फरकावर, एकाच नमुन्याचे दोन आकडे समोर असताना, मी तरी कुणाच्या पोटावर पाय आणणारा रिपोर्ट लिहिला नसता.

लघवीत आम्हाला सापडतो तो शरीराने गांजा पचवल्यावर उरलेला पदार्थ. तो चरबीत मुरतो आणि सावकाश बाहेर पडतो. रोज ओढणाऱ्याने सोडल्यावर तीन-चार आठवड्यांनीही तो येऊ शकतो. मैदानात उतरताना माणूस नशेत होता की नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

आणि हे लोक गांजा का ओढतात, तेही बातमीत यायला हवं होतं. दर आठवड्याला अंगावर धडका घेणारी ही माणसं. बॉल्टिमोर संघाचा खेळाडू यूजीन मन्रो याने 2016 मध्ये उघड मागणी केली की, अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांऐवजी गांजाचा विचार करा. मणक्याच्या ऑपरेशननंतर माझ्या यजमानांना तसल्या गोळ्या सोडताना रात्र-रात्र थरथरताना मी पाहिलंय. गांजाने दुखणं खरंच थांबतं, असं मी म्हणत नाही; त्यावर संशोधन व्हावं म्हणून लीगनेच 2022 मध्ये दहा लाख डॉलर दिले.

मला खरी काळजी आपल्या मुलांची आहे. एनएफएलचा नियम त्यांना लागू नाही. इथे नाडा (देशाची उत्तेजकविरोधी संस्था) वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) नियमाने तपासते, मर्यादा 150. होळीच्या ठंडाईतली भांग चार-पाच दिवसांनी स्पर्धेच्या नमुन्यात दिसू शकते. स्पर्धेबाहेर घेतली होती आणि खेळाशी तिचा संबंध नव्हता हे सिद्ध केलं, तरी तीन महिने बंदी. उपचार घेतले तर एक महिना. तालमीतल्या एखाद्या पोराने आपला मथळा वाचून पेला उचलला तर? खुलासा त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरात छापावा, ही विनंती.

— एक निवृत्त लॅब टेक्निशियन, पुणे