बरणी माझ्याकडे आहे

ती. बाबा आणि सौ. आई,
सा. न.

आई, फडताळात शोधू नकोस. लोणच्याची मोठी बरणी माझ्याकडे पुण्यात आहे. तू तुळशीपाशी उभी राहून बाबांना हाका मारत होतीस, तेव्हा मी ती जुन्या चादरीत गुंडाळून डिकीत ठेवली. कराड येईपर्यंत तुझा फोन येतो की काय, याच धास्तीत होते. फोनवरच सांगणार होते, पण बाबा "हे घे, आईशी बोल" म्हणून मोकळे झाले असते आणि तू रडली असतीस.

रागावू नका. बाबांचं बीपी १३८/८८ आलं. डॉक्टर म्हणाले, गोळी आत्ता नको, तीन महिने खाणं आणि चालणं सांभाळा, मग बघू. बाबा, तुम्ही त्यातलं 'गोळी नको' एवढंच ऐकलंत. १४०/९० च्या पुढे सारखं राहिलं की त्याला रक्तदाबाचा आजारच म्हणतात. आक्काचा आकडा आपल्याला कळला तोच मुळी दवाखान्यात. पुढचं लिहीत नाही.

मी हिशोब करून पाहिला. माणसाला दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत पुरे, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं धरायचं. दोघांना मिळून १० ग्रॅम, म्हणजे किलोचा पुडा शंभर दिवस पुरायला हवा. आई, तू दीड महिन्याला नवा आणतेस! भडंग आणि पापड वेगळेच. पापडखारातही सोडियमच असतं गं.

तुमचं जेवण बेचव व्हावं असं मला कसं वाटेल? भाकरीत मीठ नसतंच. जवसाची, कारळ्याची चटणी कर, लसूण थोडा जास्त घाल, मीठ निम्मं. वरणावर लिंबू पिळा. ताकात जिरेपूड, आलं, कोथिंबीर घातली तर काही आठवड्यांत जिभेला सवय होईल, मला झाली. पानात पहिलं मीठ वाढायची तुझी रीत मोडू नकोस, फक्त चिमूटभर वाढ, पानाच्या शोभेपुरतं. केळं, पालेभाजी, उसळ भरपूर खा. ते जाहिरातीतलं कमी सोडियमचं मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, मूत्रपिंडाचा त्रास असला किंवा काही गोळ्या चालू असल्या तर ते बाधतं.

ती बरणी उघडली की मला अजून तापातला मऊ भात आठवतो. तोंडाला चव नसायची, तू बोटावर खार घेऊन चाटवायचीस आणि बाबा उशाशी बसून पाय चेपायचे. काल रात्री झाकण काढून नुसता वास घेतला. खाल्लं नाही. बरं, एक फोड खाल्ली.

आता बाबा, तुमच्यासाठी. आमराईत रोज अर्धा तास, आठवड्यातून निदान पाच दिवस, चालताना बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. मित्रमंडळी भेटली की बाकावर बसून भजी मागवता, तो वेळ त्यात धरायचा नाही. तंबाखूबद्दल मी काही बोलत नाही. शर्टाच्या खिशातली डबी तुमच्या जावयांनी पाहिली, एवढंच सांगते.

बीपीचं मशीन लावताना घाई नको. जिना चढून आल्या आल्या, चहा पिऊन किंवा आईशी वाद घालून मोजलेलं खरं नसतं. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. पाच मिनिटं खुर्चीत पाठ टेकून गप्प बसा, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर. एका मिनिटानं पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे कॅलेंडरवर लिहा. मोजताना आईनं बोलायचं नाही, आणि बाबा, तुम्हीही. आई, तुझंही मोजायचंच आहे. तुझं १३२ आलं होतं, ते तू सांगितलंच नाहीस.

तुम्ही म्हातारे झालात असं मी म्हणत नाही. म्हणणारही नाही.

बरणी संक्रांतीला परत आणेन. तोवर पिठाच्या डब्यामागे एक छोटी बाटली ठेवली आहे. रविवारी एक फोड, दोघांत मिळून. खार बाबांनी घ्यायचा नाही.

तुमची,
बबी